गाडी एजंटामार्फत घेताना: बेळगाव सीमाभागातल्या खरेदीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर असो, निपाणी असो की बेळगावातलं शहापूर-वडगाव, गाडी घ्यायचं ठरलं की घरात पहिलं वाक्य येतं, "कुणी ओळखीचा एजंट आहे का बघ." आपल्या भागात ते साहजिकच आहे. इथल्या बाजारात बेळगावच्या केए-२२ च्या शेजारी कोल्हापूरची एमएच-०९ उभी असते आणि तिच्या पलीकडे गोव्याची जीए. कागद एका राज्याचे, मालक दुसऱ्या राज्यात, कर्ज तिसऱ्याच गावच्या सोसायटीचं. माहितगार माणूस सोबत हवाच. पण त्याचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपलं पाहिजे, हे आधी ठरलं नाही तर कष्टाचे पैसे अडकतात. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

एजंट, ऑटो कन्सल्टंट, डीलर, सब-डीलर… या सगळ्यांत फरक काय?

एजंट म्हणजे दलाल. गाडी त्याची नसते, तो फक्त दोघांची गाठ घालून देतो. ऑटो कन्सल्टंटकडे जागा असते, दहा-वीस गाड्या उभ्या असतात. त्यातल्या काही त्याने विकत घेतलेल्या आणि काही लोकांनी "विकून दे" म्हणून लावलेल्या असतात. तुम्ही बघताय ती गाडी यातली कोणती, हे पहिल्याच भेटीत विचारा. कंपनीचा अधिकृत डीलर नवीन गाडी विकतो आणि सब-डीलर त्याच्यासाठी तालुक्याच्या गावात गिऱ्हाईक गोळा करतो. आरटीओ एजंट या सगळ्यांहून वेगळा. त्याचा संबंध फक्त कागदांशी असतो.

जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने १ एप्रिल २०२३ पासून नियम लागू केले आहेत. त्यांनुसार अशा डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी भरून ते आरटीओला कळवायचं आणि त्यानंतर त्या गाडीची जबाबदारी डीलरवर येते. ताब्यातली गाडी कुठे, कशासाठी फिरली याची नोंदही त्याने ठेवायची असते. म्हणून सरळ विचारा, "तुमचं आरटीओचं अधिकारपत्र आहे का?" या एका प्रश्नावरून समोरचा माणूस किती पक्का आहे ते कळतं. ज्याच्याकडे ते आहे तो अभिमानाने दाखवतो.

एजंटाला पैसे नेमके कोण देतं?

सगळ्या प्रश्नांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो फार थोडे लोक विचारतात.

एकाच व्यवहारात एजंटाला चार ठिकाणांहून पैसे मिळू शकतात. विकणारा कमिशन देतो. घेणारा कमिशन देतो. कर्ज त्याच्यामार्फत झालं तर बँक किंवा फायनान्स कंपनी देते. विमा त्याने काढून दिला तर तिथूनही मिळतं. यात बेकायदेशीर असं काही नाही, माणूस धावपळ करतो तर त्याला मोबदला मिळायलाच हवा. पण जो विकणाऱ्याकडून जास्त घेतो, तो भाव खाली आणण्यासाठी जीव तोडून का बोलेल?

पाचवी वाट मात्र वाईट. मालकाला सांगायचं, "चार लाखाला गिऱ्हाईक आहे," तुम्हाला सांगायचं, "साडेचारच्या खाली मालक येत नाही," आणि मधले पन्नास हजार स्वतःकडे ठेवायचे. हे टाळण्याचा उपाय साधा आहे: भाव ठरवताना मालकाशी समोरासमोर, निदान फोनवर बोला आणि गाडीची रक्कम थेट मालकाच्या बँक खात्यात भरा. एजंटाचं कमिशन वेगळं, त्याच्या खात्यात, कागद पूर्ण झाल्यावर. "मालक भेटत नाही, सगळे अधिकार मलाच दिलेत" असं उत्तर आलं तर ती गाडी सोडून द्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

मग कमिशन किती द्यावं?

याला सरकारी दर नाही. कुणी ठोक रक्कम घेतो, कुणी टक्का. ठोक रक्कम बरी. टक्का असला की गाडी जितकी महाग, तितका एजंटाचा फायदा, आणि तिथे तुमचं हित आणि त्याचं हित दोन दिशांना जातं. रक्कम किती, कशाकशासाठी आणि कधी द्यायची, हे गाडी बघायला निघण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. त्यात ट्रान्सफरचं काम धरलंय की नाही तेही लिहा. ट्रान्सफरची सरकारी फी मोटारीला ३०० रुपये आहे, कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर १,५०० रुपये, आणि स्मार्ट कार्डाचे वेगळे. आरटीओ एजंट "आठ हजार खर्च आहे" म्हणाला तर त्यातली फी किती आणि त्याची मजुरी किती, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. फीची पावती ऑनलाइन निघते. ती मागून घ्या.

एजंट पाहुण्यातलाच आहे. कागद मागायला बरं वाटत नाही. काय करावं?

बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात हे सर्रास होतं. मेहुण्याचा मित्र, आत्याचा पुतण्या, तालमीतला जोडीदार. "आपल्याच माणसाकडून पावती काय मागायची?" म्हणून सगळं तोंडी होतं. सहा महिन्यांनी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, नावावर झालेली नसते, आणि लग्नकार्यात एकमेकांसमोर यायची पंचाईत होते.

मला वाटतं, पाहुण्यांतल्या व्यवहारात कागद जास्त पक्के हवेत. बाहेरच्या माणसाशी बिघडलं तर एक व्यवहार जातो, इथे दोन घरं तुटतात. मागताना स्वतःवर घेऊन बोलावं: "दादा, बँकेला दाखवायला पावती लागेल," "वडील विचारतात, त्यांच्या समाधानासाठी लिहून दे." खरा जवळचा माणूस राग मानत नाही. आणि पाहुण्याने कमिशन घेणार नाही म्हटलं तरी काहीतरी ठरवून द्याच. फुकट काम करणाऱ्याला पाठपुरावा करायला सांगता येत नाही.

नवीन गाडी एजंट किंवा सब-डीलरकडून घेतली तर स्वस्त पडते का?

कधीकधी पडते. महिन्याच्या अखेरीला डीलरला आकडा गाठायचा असतो. डिसेंबरात त्या वर्षी बनलेल्या गाड्या संपवायच्या असतात. अशा वेळी चार शोरूमशी संबंध असलेला माणूस चांगली सूट काढून देऊ शकतो. दसरा-पाडव्याच्या तोंडावर मात्र मुहूर्तासाठी रांग असते, तेव्हा कुणाचंच फारसं चालत नाही. कारखान्याचं उसाचं बिल पडलं की चिकोडी, अथणी, निपाणीकडे तेच होतं.

पण "सूट" हा आकडा एकटा बघू नका. चाळीस हजार सूट देऊन विमा पंधरा हजारांनी महाग लावला, वीस हजारांची ॲक्सेसरीज सक्तीची केली आणि "हँडलिंग"चे काही हजार जोडले, तर हातात काय उरलं? कोटेशन मागताना प्रत्येक ओळ वेगळी मागा: एक्स-शोरूम किंमत, लाइफ टॅक्स (नोंदणीवेळी एकदाच भरायचा वाहन कर), नोंदणी, विमा, फास्टॅग, ॲक्सेसरीज. विमा शोरूममधूनच घ्यावा असं कायदा म्हणत नाही. बाहेरचं कोटेशन आणून दाखवलं की शोरूमचा आकडाही खाली येतो. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा आयकर, लागतो. तो खर्च नव्हे, आयकर भरताना तो तुमच्या खात्यावर धरला जातो.

एजंटाने जुनीच किंमत सांगून घोळ घालू नये म्हणून हेही माहीत असू द्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी १८ टक्के झाला. लहान म्हणजे चार मीटरच्या आतली, पेट्रोल १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १,५०० सीसीपर्यंत. मोठ्या गाड्यांना ४० टक्के, इलेक्ट्रिक गाड्यांना ५ टक्के.

बुकिंगचे पैसे अधिकृत डीलरच्याच खात्यात गेले पाहिजेत. बिल आणि फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, दोन्हींवर त्याच डीलरचं नाव हवं. गाडी ताब्यात घेण्याआधी ती कोणत्या महिन्यात बनली ते बघा. वर्षअखेरीची सूट जुन्या साठ्यावर असेल तर चालेल, पण ती तुम्हाला माहीत असून घेतलेली असावी.

"एमएच-०९ पासिंग करून देतो, टॅक्स वाचतो" असं एजंट म्हणतो. चालतं का?

मोह पडावा असाच फरक आहे. कर्नाटकात लाइफ टॅक्स ५ लाखांपर्यंतच्या मोटारीला १३ टक्के, ५ ते १० लाखांना १४, १० ते २० लाखांना १७ आणि त्यावर १८ टक्के, शिवाय त्या करावर उपकर. महाराष्ट्रात पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, त्यापुढे १३. डिझेलला त्याहून दोन टक्के जास्त. म्हणजे १२ लाखांच्या पेट्रोल गाडीला इथे २ लाख ४ हजार आणि वर उपकर, तर कोल्हापुरात १ लाख ४४ हजार. साठ हजारांच्या वरचा फरक दिसतो. दर बदलत असतात, घेताना त्या दिवशीचे तपासा.

आता कायदा बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४० म्हणतं की तुमचं राहण्याचं किंवा धंद्याचं ठिकाण जिथे आहे आणि गाडी जिथे नेहमी ठेवली जाते, तिथे नोंदणी करायची. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि तेव्हा इथला टॅक्सही भरावा लागतो. म्हणजे हिंडलग्यात राहणाऱ्या माणसाने गडहिंग्लजच्या पाहुण्यांचा पत्ता लावून गाडी काढली तर वाचवलेले पैसे पक्के नाहीत. तपासणीत अडकलं तर टॅक्स, दंड, खेपा सगळं आलं. अपघात झाला तर विमा कंपनी पत्त्याची चौकशी करते, ते आणखी वेगळं.

ज्यांचं घर आणि शेती खरोखरच चंदगड तालुक्यात आहे आणि नोकरी उद्यमबागेत, त्यांचं काय? शिनोळीवरून रोज ये-जा करणारे कितीतरी आहेत. गाडी रात्री जिथे उभी असते तेच तिचं ठिकाण. त्यांनी एमएच-०९ ठेवण्यात काही गैर नाही. पत्त्याचा पुरावा आणि पगाराचं पत्र गाडीत असू द्यावं. महाराष्ट्रातून निपाणीमार्गे येणाऱ्यांना कोगनोळी टोलच्या फास्टॅग नोंदी उपयोगी पडतात, कारण गाडी परत गेल्याचं त्यात दिसतं.

बीएच, म्हणजे राज्य बदललं तरी न बदलणाऱ्या भारत मालिकेच्या नंबरबद्दलही लोक विचारतात. २०२१ पासून तो आहे. सैन्यातले, केंद्र-राज्य सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, तसंच चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले नोकरदार यांच्यासाठी. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. बदलीची नोकरी असेल तरच त्याचा खरा उपयोग. एजंट "कुणालाही काढून देतो" म्हणाला तर नाही म्हणा.

कोल्हापूर, पुणे किंवा गोव्याची जुनी गाडी स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

घ्यावी, पण पूर्ण हिशोब करून. एजंट सांगतो तो आकडा गाडीचा असतो. त्यावर इथला लाइफ टॅक्स येतो. तो गाडीच्या वयाप्रमाणे कमी होत जातो, पण चार-पाच वर्षांच्या गाडीलाही चांगलाच बसतो. नव्या नंबरप्लेटचा खर्च वेगळा. हे सगळं मिळवल्यावरही केए-२२ किंवा चिकोडीच्या केए-२३ च्या तशाच गाडीपेक्षा ती स्वस्त पडत असेल तरच पुढे जा.

क्रम असा ठेवा. आधी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, फॉर्म २८. त्यासाठी कर्जाचा बोजा उतरलेला हवा, चलनं भरलेली हवीत. चलनं दोन्ही राज्यांची बघा, कारण कोल्हापूरच्या गाडीवर बेळगाव पोलिसांचं चलनही असू शकतं. मग इथे फॉर्म २७ नव्या नंबरसाठी आणि फॉर्म २९-३० नावबदलासाठी. खानापूर-बेळगावकरांना बेळगावचं कार्यालय, निपाणी-चिकोडीकरांना चिकोडीचं. नवीन नंबर पडल्यावर मूळ राज्यात उरलेल्या वर्षांच्या टॅक्सचा परतावा मागता येतो. तो अर्ज कोण करणार आणि पैसे कुणाला मिळणार, हे सौदा करतानाच लिहून घ्या, नाहीतर त्यावरून हमखास वाद होतो.

गोव्याच्या गाडीची एक खास तपासणी आहे. भाड्याने देण्याच्या गाड्यांना तिथे काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पर्यटकांच्या हातात काही वर्षं फिरून झालेली अशी गाडी नंतर खासगी करून विकली जाते आणि चोर्ला घाट चढून आपल्या बाजारात येते. दिसायला चकचकीत, आतून दमलेली. आरसीवर पूर्वीचा वाहनप्रकार आणि सर्व्हिस सेंटरमधली नोंद बघितल्याशिवाय घेऊ नका. "दिल्ली पासिंग" गाड्या स्वस्त का असतात तेही लक्षात घ्या. तिथे जुन्या गाड्यांवर वयाची बंधनं आली, म्हणून त्या दक्षिणेकडे येतात.

विकणाऱ्याने कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटाकडे ठेवल्या आहेत. काही बिघडतं का?

दोघांचंही बिघडतं. फॉर्म २९ आणि ३० वर नुसती सही असली की ती गाडी कागदावर कुणाच्याही नावे जाऊ शकते. एजंट ती एकाला विकतो, तो दुसऱ्याला, तो तिसऱ्याला, आणि आरसीवर नाव मात्र पहिल्याच माणसाचं.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच तपासलं. गाडी एकापाठोपाठ एक अशी अनेक हातांतून गेली होती, नोंद मात्र मूळ मालकाच्याच नावावर होती. न्यायालयाने सांगितलं की ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावरच. गाडी विकून दोन वर्षं झालेल्या माणसाला भरपाईची नोटीस येते ती अशी.

विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. घेणाऱ्याने ३० दिवसांत. एजंटावर न सोडता अर्ज क्रमांक स्वतःच्या मोबाइलवर घ्या आणि परिवहनच्या संकेतस्थळावर तो कुठवर आला ते बघत राहा. गाडी ताब्यात देताना-घेताना डिलिव्हरी नोट करा: तारीख आणि वेळ, किलोमीटर, चेसिस नंबर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. वेळ लिहायला विसरू नका. संध्याकाळी गाडी घेतली आणि त्याच दुपारी ती कुठे धडकून आली असेल, तर वेळच तुम्हाला वाचवते.

विसार किती द्यावा?

कमीत कमी. गाडी अडवून ठेवण्यापुरता, आणि तोही ऑनलाइन, म्हणजे नोंद राहते. पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, मुदत आणि "कागदांत दोष निघाल्यास विसार पूर्ण परत" हे वाक्य असलंच पाहिजे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि रोख स्वीकारणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो. एजंट रोखीसाठी अडून बसला तर हे त्याला सांगा.

एजंट म्हणतो, गाडी पुरातली नाही. खात्री कशी करायची?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीबरोबर आपल्याकडे निपाणी, चिकोडी, अथणी, गोकाकपर्यंत पाणी होतं. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा सगळ्याच पात्र सोडून वाहिल्या. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या साफ होऊन बाजारात आल्या आणि त्यातल्या काही अजून हात बदलत आहेत. पुरातली गाडी लगेच बंद पडत नाही. वायरिंग हळूहळू गंजतं, सेन्सर एकेक करून जातात, आणि एअरबॅग वेळेवर उघडेल याची शाश्वती राहत नाही.

तपासताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज न दिसणाऱ्या भागात गाळाची रेघ राहते. मॅट उचलून खालचा फेल्ट दाबून बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात, सीटच्या रुळांवर आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज शोधा. फ्यूज बॉक्स उघडा. काचा बंद करून गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा आणि मग दार उघडून वास घ्या. अत्तराचा फवारा मारून ठेवलेला असेल तर जास्तच सावध व्हा.

तपासणीला मेस्त्री तुमचा हवा. एजंटाने आणलेला मेस्त्री त्याचा माणूस असतो. तुमच्या मेस्त्रीचे पैसे तुम्ही द्या, आणि गाडी नापास झाली तरी द्या. चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद काढता आली तर किलोमीटर मागे फिरवलेत का तेही कळतं. शेवटची सर्व्हिस ८२,००० वर आणि मीटरवर ५४,००० असेल तर पुढे बोलायचं कारण उरत नाही. जुन्या विम्यावर क्लेम झाला होता का, हेही मालकाला विमा कंपनीकडून लिहून आणायला सांगा.

करारपत्र कन्नडमध्ये आहे, मला नीट वाचता येत नाही. सही करू का?

वाचल्याशिवाय नको. आरटीओचे फॉर्म देशभर एकाच क्रमांकाचे आहेत. २९, ३० (नावबदल) आणि ३५ (कर्जाचा बोजा उतरवणं) हे आकडे ओळखता आले की निम्मं काम झालं. स्टॅम्प पेपरवरच्या करारासाठी मात्र कन्नड वाचणारा विश्वासाचा माणूस, गल्लीतले शिक्षक किंवा वकील यांच्याकडून ओळ न् ओळ समजून घ्या. किंमत, तारीख, "आजवरची सर्व देणी विकणाऱ्याची" आणि "कर्ज नाही" ही चार वाक्यं आहेत का बघा. मराठी किंवा इंग्रजी प्रत सोबत जोडायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. कराराचा मोबाइलवर फोटो काढून घरी नेऊन दुसऱ्या दिवशी सही केली तरी काही बिघडत नाही. "आत्ताच करा, गिऱ्हाईक थांबलंय" ही घाई एजंटाची आहे.

एजंट सात टक्क्यांनी कर्ज करून देतो म्हणतो, बँक नऊ-दहा सांगते. मग एजंटाचंच बरं ना?

तो सात टक्के बहुतेक वेळा फ्लॅट असतो. फ्लॅट म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज, तुम्ही फेडत आलात तरी. एक लाखाला पाच वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅटने हप्ता २,२५० रुपये येतो. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने तोच हप्ता साडेबारा टक्क्यांचा आहे. टक्के विचारू नका, हप्ता आणि महिने विचारा, गुणाकार करा आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवा. जुन्या गाडीवर एखाद्या पतसंस्थेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि संस्थेचा दाखला हातात आल्याशिवाय मालकाला पूर्ण पैसे देऊ नका. उरलेलं कर्ज थेट त्या संस्थेत भरणं सगळ्यात सुरक्षित.

ओएलएक्सवर एक जवान बदली झाली म्हणून गाडी अर्ध्या किमतीत विकतोय. खरं असेल का?

जवळजवळ नक्की खोटं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात असल्यामुळे लष्कराविषयी आपल्याकडे जो आदर आहे, त्याचाच हे लोक फायदा घेतात. ओळखपत्राचा फोटो पाठवतात, गणवेशातला डीपी लावतात आणि गाडी "लष्करी वाहतुकीने" पाठवण्याचे पैसे आधी मागतात. गाडी कधीच येत नाही. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

खऱ्या जवानांना आणि माजी सैनिकांना सीएसडी, म्हणजे लष्कराच्या कॅन्टीनमार्फत नवीन गाडी सवलतीत घेता येते. हुद्दा, सेवेची वर्षं आणि दोन खरेदींमधलं अंतर याचे नियम आहेत. ज्यांना हा हक्क आहे त्यांना एजंटाची गरजच नाही. आणि दुसऱ्याच्या कॅन्टीन कार्डावर गाडी काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागून कुणा निवृत्त सुभेदारांना अडचणीत आणू नका.

कार्स२४, स्पिनी यांसारख्या ऑनलाइन कंपन्या किंवा ट्रू व्हॅल्यूसारखी कंपनीची दुकानं बरी का?

तपासणीचा अहवाल, परत करण्याची मुदत, वॉरंटी हे लिखित मिळतं, म्हणून मनाला शांतता असते. त्याची किंमत गाडीच्या भावात धरलेली असते. गाडी कुठून येणार ते आधी बघा, पुण्याहून आली तर एनओसी आणि टॅक्सचा सगळा प्रवास पुन्हा आहेच. आरसी किती दिवसांत नावावर होईल हे लिहून घ्या. घर बसल्या घेतली तरी ताबा घेताना स्वतःचा मेस्त्री असू द्या.

विमा आपोआप माझ्या नावावर होतो का?

थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे थोडा फरक भरावा लागतो. जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा आणि नवा तुमच्या नावाने घ्या.

मुलगा अमेरिकेत आहे. तिथे म्हणे कार ब्रोकर नेमतात?

हो. तिथे गिऱ्हाइकाने फी देऊन नेमलेला ब्रोकर डीलरशी भाव करतो, आणि कॉस्टकोसारख्या सभासदांच्या दुकानांमार्फत आधीच ठरलेल्या दराने गाडी मिळण्याची सोयही आहे. नियम राज्याप्रमाणे बदलतात. कॅलिफोर्नियात ब्रोकरला डीलरचा परवाना लागतो. मुलाला एवढंच विचारायला सांगा की फी तो देतोय की डीलर. दोन्हीकडून घेत असेल तर भावात किती कमी झालं ते लिहून मागावं.

फसवणूक झाली. एजंट कोल्हापूरचा, मी बेळगावचा. तक्रार कुठे करू?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. त्यासाठी कोल्हापूरला खेपा घालायला नकोत. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघा. बरीच प्रकरणं तिथल्या पाठपुराव्यानेच मिटतात. गाडी चोरीची निघाली, सही खोटी निघाली किंवा एकच गाडी दोघांना विकली, तर तो गुन्हा आहे. आधी पोलीस ठाणे.

आयोगासमोर विसाराची पावती, बँकेची नोंद, कमिशन ठरल्याचे व्हॉट्सॲप संदेश आणि डिलिव्हरी नोट लागते. मोबाइल बदलताना ते संदेश पुसले जाणार नाहीत याची काळजी घ्या, आणि शक्य असेल तर व्यवहार झाला त्याच आठवड्यात त्यांची छापील प्रत काढून फाइलला लावा.